हात मांडीवर ठेवून

आमचा अबोला गॉलवेच्या समुद्रकिनाऱ्यावर सुरू झाला, आणि तोही एका केळ्यावरून.

सासूबाई साताऱ्याहून उन्हाळ्यापुरत्या आमच्याकडे आल्या होत्या. त्या दिवशी संकष्टी होती. त्यांचा उपास असतोच; आईला बरं वाटावं म्हणून माझ्या नवऱ्यानेही धरला. हा माणूस मधुमेही, रोज इन्सुलिन टोचून घेणारा. सकाळी सुई टोचली, वर चार घास खिचडी खाल्ली आणि मग दिवसभर आईला समुद्राच्या वाऱ्यात हिंडवत बसला. परत निघताना मी केळं पुढे केलं तर म्हणतो कसा, "आईने काही खाल्लं नाहीये, मी कसा खाऊ? चंद्र उगवू दे." आयर्लंडच्या उन्हाळ्यात चंद्र उगवायचा कधी आणि ढगांतून दिसायचा कधी! मी जरा आवाज चढवला, तर दात-ओठ खात म्हणाला, "आईसमोर तमाशा करू नकोस." तमाशा! मी ते केळं त्याच्या नाकासमोर सोलून स्वतःच खाल्लं आणि म्हटलं, मर मग उपाशी. बोलून गेले. रागात माणूस काहीही बोलतो.

अबोला म्हटल्यावर आमच्याकडे त्याची रीत असते. थेट बोलायचं नाही, तिसऱ्या माणसाकडून निरोप द्यायचे. सासूबाई गाडीत मागे बसल्या होत्या, म्हणजे ती सोय आयतीच झाली.

गाडी त्याच्या चेरीवूडच्या ऑफिसकडून नुकतीच मिळालेली. हायवेला लागलं की ती स्वतःच चालते. चाकावर हात ठेवायचीही गरज नाही, डोळे मात्र समोर हवेत. स्टिअरिंगच्या मागे एक छोटा कॅमेरा आहे, तो चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून असतो. इकडेतिकडे बघत राहिलं की गाडी ओरडते. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवा दिवा. नवऱ्याला तिचं कोण कौतुक! गॉलवे सोडल्यावर त्याने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि आरशातून आईकडे बघून हसला.

"आरं बाबा, धर की ते चाक!" सासूबाई किंचाळल्या.

"काही होत नाही आई. माझ्यापेक्षा ती बरी चालवते."

त्याचं ते शेवटचं वाक्य. म्हणजे पुढच्या दीड तासातलं.

ऊन पाठीमागून येत होतं, त्यामुळे आमच्याच गाडीची सावली आमच्यापुढे धावत होती. मी खिडकीतून मेंढ्या बघत होते. ॲथलोन गेल्यावर मला गार वाटायला लागलं. मी म्हटलं, "आई, तुमच्या मुलाला सांगा, एसी कमी कर म्हणावं."

"आरं, ती म्हनतीया एशी कमी कर."

तो हलला नाही. बरं, म्हटलं, बस. मी स्वतःच बटण फिरवलं.

मग पावसाची एक सर आली. वायपर आपणहून सुरू झाले. पुढे एक लॉरी होती, तिच्यामागे गाडीने आपणहून वेग कमी केला. सर थांबली, वायपर थांबले. आभाळ काळवंडलं तसे पुढचे दिवे लागले. हे सगळं त्याने बोटही न हलवता होत होतं, आणि मला त्याचाही राग येत होता. घरात काय, गाडीत काय, नुसतं बसून राहायचं.

"आई, विचारा त्यांना, कुठे थांबायचंय का." 'त्यांना' मुद्दाम. मी नवऱ्याला एरवी अरे-तुरे करते. अहो-जाहो फक्त भांडणात.

सासूबाईंनी विचारलं. उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्या जरा पुढे सरकल्या, सीटच्या फटीतून त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "झोपला न्हाई गं. डोळं उघडं हायती."

"नाटकं आहेत सगळी," मी म्हटलं. "बोलायचं नाहीये त्यांना."

तरी आता मी बघितलं. डोळे उघडे होते, समोर रस्त्यावर. हिरवा दिवा होता. हात मांडीवर होते, घडी घालून ठेवल्यासारखे. ओठ किंचित हलत होते. एवढ्या गार गाडीत त्याची कानशिलं घामाने निथळत होती, कॉलर भिजून काळी पडली होती.

मी अबोला सोडून त्याला हाक मारली. मग ओरडून मारली. दंड धरून हलवला, तर तो हाताखाली नुसता डुलला, आणि डोळे तसेच. पापणी लवत होती, पण बघणारं कोणी आत नव्हतं. आणि गाडी दोन पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधून, जराही न डगमगता, आम्हाला घेऊन चालली होती. किती वेळ अशी चालली होती कोण जाणे. मुलिंगारचा फाटा येऊन गेला होता, मला कळलंही नव्हतं.

"काय झालं गं? आगं काय झालं त्याला?"

"साखर उतरलीय आई."

किलकॉकच्या अलीकडे टोल आहे. टोलच्या आधी गाडी चाक माणसाच्या हवाली करते. पडद्यावर हात दाखवणारं चित्र लुकलुकायला लागलं, घंटी वाजायला लागली. चाक घ्या, चाक घ्या. त्याचे हात मांडीवरच. मग गाडीने एक जोराचा हिसका दिला, जणू झोपलेल्याला उठवावं तसा. त्याची मान पुढे गेली आणि परत आली. मागच्या लॉरीने जो हॉर्न मारला तो अजून कानात आहे.

गाडी रस्त्याच्या मध्येच हळू व्हायला लागली. इथेच थांबणार, भर रस्त्यात! मी पट्टा काढला, त्याच्यावर झुकून चाक धरलं आणि डावीकडे ओढलं. ते येईना. खरं सांगते, ते मला उलट ढकलत होतं. रेघांच्या मधोमध राहायचं एवढंच तिला माहीत. मी शिव्या देत, अंगातला सगळा जोर लावून ओढलं तेव्हा कुठे तिने सोडलं, आणि आम्ही कडेच्या पट्टीवर येऊन थांबलो. सासूबाई मागे मोठमोठ्याने गणपतीचा धावा करत होत्या.

समोरच्या कप्प्यात ग्लुकोजची ट्यूब होती. मी ती त्याच्या गालाच्या आत चोळत राहिले आणि दुसऱ्या हाताने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. सासूबाई त्याचे तळवे घासत होत्या. "आरं बोल की रं माज्या राजा, आयशी बोल." लॉऱ्या शेजारून जात होत्या आणि प्रत्येकीबरोबर गाडी हलत होती. मला वाटलं, हा गेला. मी बोलले तसाच उपाशी गेला.

मग त्याने माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे खरोखर बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "आपण का थांबलोय?"

मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. सासूबाईंसमोर. व्हायचा तो तमाशा होऊ दे.

ॲम्ब्युलन्सवाला भला माणूस. साखर तपासली, सँडविच खायला लावलं, पुन्हा तपासली. "यू आर ग्रँड नाऊ," म्हणजे आता बरा आहेस, म्हणाला, पण उद्या डॉक्टरांकडे जायचंच आणि तोवर गाडीला हात लावायचा नाही. मग मला बाजूला घेऊन विचारलं की तो चालवत असताना हे झालं तर गाडी आपटली कशी नाही. मी सांगितलं. त्याने फक्त गाडीकडे एकदा बघून घेतलं.

ॲथलोननंतरचं नवऱ्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

पुढे ॲडम्सटाउनला घरापर्यंत मी चालवली. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून. तो माझ्या डाव्या हाताला, मान सीटला टेकवून, गप्प. तो गप्प झाला की माझा जीव वरखाली. श्वास चाललाय ना, पापणी लवतेय ना, म्हणून मी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. गाडीने लगेच घंटी वाजवली. पडद्यावर लाल अक्षरं आली: रस्त्याकडे लक्ष द्या. मी पुढे बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं, पुन्हा घंटी, आधीपेक्षा मोठी.

"आत्ता बोंबलतीय व्हय गं ही?" सासूबाई मागून म्हणाल्या. "मगाशी तोंड शिवलं हुतं का हिचं?"

तिसऱ्यांदा घंटी वाजली तेव्हा नवऱ्याने डोळे न उघडताच म्हटलं, "अगं, पुढे बघ ना. ती ओरडतेय."

"ओरडू दे," मी म्हटलं. "तू बोलत राहा."