हरजीतचे रुंद टायर

ऐंशीच्या दशकात कर्फ्यू सुटला की चंदीगडच्या रिकाम्या चौकात टायर किंचाळायचे. शेजारच्या हरजीतची लाल स्पोर्ट्स कार! शाळेतली कविता तालात म्हणावी, तशी वळायची. मी स्कूटरवर जळायचो.

अजूनही जळतो. परवा त्यानं त्याच गाडीबद्दल विचारलं, "मोठी चाकं, रुंद टायर घालू?" वायुदलात गाड्याच दुरुस्त केल्यात मी, चाल बिघडणार हे ठाऊक होतं. तरी म्हणालो, "पक्का घाल!"

आज पिंजौरच्या रस्त्यावर स्टिअरिंग जड, प्रत्येक चरीत गाडी बाजूला ओढली जात होती. हरजीत खिन्नपणे म्हणाला, "हाथ बूढ़े हो गए, यार. बेच दूँगा."

मित्रांनो, आता त्याला खरं कसं सांगू?

टाइप करतोय तोच बेल वाजली. दारात हरजीत, हातात किल्ली.

"तू ही रख ले. आवाज़ तो सुनाई देगी."