दीड डबा तेल

वरकुट्याच्या भीमा कोळेकरानं एकवीस वर्षं लासुर्ण्याच्या आबाजींची गाडी चालवली. त्याचा बाप मेंढरांमागं फिरत कोकणापर्यंत जायचा. भीमाला मात्र पोरवयातच चाकाचं वेड लागलं. एकोणिसाव्या वर्षी तो आबाजींच्या जीपवर बसला आणि त्यांच्याच वस्तीवरच्या एका खोलीत त्यानं ठमाबाईबरोबर संसार मांडला. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवायची त्याला सवय होती. वास घेऊन तो सांगायचा की अमुक पट्टा जळतोय, तमुक पाइप गळतोय. रस्त्यात अनोळखी माणसाच्या मोटारीखाली तेल दिसलं तरी हा थांबून सांगायचा, मग त्याला स्वतःला उशीर झाला तरी चालेल.

शहाण्णव साली आबाजींचा थोरला, रणजित, मुंबईहून एक जुनी जपानी गाडी घेऊन आला. कुणीतरी दुबईहून परतताना आणलेली. तिला क्लचच नव्हता. दांडा एकदा मागं ओढला की गाडी आपली आपण गिअर बदलायची. आख्खं गाव बघायला लोटलं. भीमाचा डावा पाय आठवडाभर क्लच शोधत राहिला. मग त्यानं तो पाय सीटखाली दुमडून ठेवायचं ठरवलं, आणि पंधरा दिवसांत गाडी त्याच्या हाताखाली लोण्यासारखी चालायला लागली.

मुंबईच्या मित्रानं रणजितला सांगितलं होतं की या गिअरबॉक्सचं तेल ठरावीक दिवसांनी बदलावं लागतं. रणजितनं पुण्याहून लाल तेलाचे चार डबे आणले आणि एका रविवारी, भीमा आईला भेटायला वरकुट्याला गेलेला असताना, वस्तीवरच्या चिंचेखाली स्वतःच काम काढलं. सोमवारी सकाळी आबाजींनी हसत हसत भीमाला सगळं सांगितलं. पोरानं गाडीखाली शिरून चेंबर उघडला, जुनं तेल काढलं, नवं भरलं. आपण बाजेवर बसून बघत होतो. अडीच डब्यांतच तेल मोजायच्या पट्टीवरची खूण भरली, दीड डबा उरला, तो छपरात ठेवलाय.

त्याच दिवशी रणजितचे सासरे, संभाजीराव, बारामतीहून आले होते. त्यांना मळा दाखवायला सगळे गाडीतून निघाले. वस्तीतून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. पुढं गाडी तापली तसं भीमाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पाय दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र क्षणभर विचार केल्यासारखी मागं राहायची. कालव्याच्या चढावर ती थांबलीच. इंजिन चालू, दांडा जागेवर, पण चाकात जोर नाही.

भीमा म्हणाला, तेल बघू का? रणजितनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. सासऱ्यांकडं वळून तो म्हणाला, "दोन्ही पाय वापरतो हा, ब्रेक आणि रेस एकदम दाबतो. गिअरबॉक्स जाळला माझा. मेंढरं हाकायची सोडून यांना गाडीवर बसवलं, ही आमचीच चूक."

गाडी ट्रॅक्टरला बांधून वस्तीवर आणली. पुण्याचा मिस्त्री उसाचं गळीत संपल्यावर येणार, तोवर कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. भीमानं फक्त ती रोज धुवायची. पाहुणे आले की रणजित त्याला हाक मारायचा आणि म्हणायचा, सांग बाबा, कुठला पाय कुठं ठेवला होता ते. पहिल्या दिवशी भीमा गाडी पुसतच राहिला. तेव्हा रणजितनं त्याला गाडीत बसवून, दार उघडं ठेवून, दोन्ही पाय दाबून दाखवायला लावलं. पाहुणे हसले. पुढं पुढं तो सांगितल्याबरोबर बसायचा, दाबून दाखवायचा आणि उतरायचा. ठमाबाई खोलीच्या दारातून हे बघायची आणि संध्याकाळी त्याच्याशी बोलायची नाही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी भीमा एसटीनं बारामतीला गेला. तिथं रतन मिस्त्री होता, बारा वर्षं मस्कतला गॅरेजात राबून आलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, तेल मोजताना इंजिन चालू होतं की बंद? भीमाला माहीत नव्हतं. रतननं समजावलं. इंजिन बंद असलं की वरचं तेल खाली चेंबरात उतरतं आणि पट्टी खोटी भरलेली दिसते. गाडी तापवायची, दांडा सगळ्या खुणांवरून एकदा फिरवून आणायचा, मग इंजिन चालू ठेवूनच पट्टी ओढायची. चढावर जोर गेला म्हणजे तेल कमी आहे. गिअरबॉक्स जळला असता तर तेलाला करपल्याचा वास आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमानं हुकूम मोडला. आबाजी समोरच बाजेवर होते, त्यांनी नको म्हटलं नाही. त्यानं गाडी बराच वेळ तापवली, दांडा फिरवला, पट्टी ओढली. टोकाला जेमतेम थेंबभर तेल. थेंब बोटावर घेऊन वास घेतला. करपलेला नव्हता. छपरातून उरलेलं तेल आणून त्यानं हळूहळू ओतलं, दर खेपेला पट्टी पुसून बघत. दीड डबा संपला आणि खूण भरली. दांडा ओढताच गाडीनं हलकासा हिसका दिला आणि निघाली. कालव्याचा चढ ती एका दमात चढली. त्या दिवशी भीमा वर पोचल्यावर एकटाच मोठ्यानं हसला.

परत आला तेव्हा रणजित आणि त्याच सकाळी पुन्हा आलेले संभाजीराव अंगणात उभे होते. काय झालं होतं, असं संभाजीरावांनी विचारलं. भीमानं साधेपणानं सांगितलं की तेल कमी होतं, मोजताना चूक झाली होती. संभाजीरावांनी जावयाकडं पाहिलं आणि ते पोट धरून हसले. म्हणाले, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर शहाणा आणि मालक अडाणी.

ते हसले नसते तर कदाचित एवढ्यावर भागलं असतं. रणजितचा चेहरा काळा पडला. आपण चारही डबे ओतले होते, असं तो म्हणाला. ह्यानंच तेल काढून लपवलं आणि आता अंगावर यायला लागलं तसं परत भरलं.

भीमा बाजेकडं वळला. "आबा, तुमी हितंच बसला व्हता. तुमीच मला सांगितलं न्हवं, दीड डबा उरला म्हणून?"

आबाजींना फडातला उसाचा चोर दोन शेतांवरून दिसायचा. ते पायातल्या चपलांकडं बघत म्हणाले, "मला काय दिसतंय बाबा आता. माझ्या ध्यानात न्हाय."

दुपारपर्यंत खोली रिकामी झाली. भांडी, एक पेटी, गोधड्या. ठमाबाईनं चूल फोडली आणि दोघं पायी फाट्यावर आली. महिनाभरात सगळीकडं तेलचोर हे नाव पसरलं. कुणी त्याच्या हातात मोटार दिली नाही. ठमाबाई दुसऱ्यांच्या बांधावर गवत कापायला लागली. शेवटी सणसरच्या एका बागायतदारानं त्याला उसाच्या ट्रॅक्टरवर घेतलं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात भीमा इंदापूरहून खताची पोती भरून निघाला होता. गावाबाहेरच्या चहाच्या टपरीशी ती जपानी गाडी उभी दिसली. रणजित आणि नवा ड्रायव्हर आत चहा पीत होते. लग्नाहून परतत असावेत. मागच्या सीटवर फेट्यातले आबाजी एकटेच होते, फार वाळलेले. भीमाची नजर सवयीनं खाली गेली. पुढच्या चाकांच्या मध्ये लाल तेलाचं थारोळं साचलं होतं आणि वरून धार लागल्यासारखे थेंब पडत होते. ही गाडी लासुर्ण्याला पोचणार नाही, हे त्याला कळलं.

आबाजींनी त्याला ओळखलं. खिडकीतून हात बाहेर काढून जवळ बोलावलं. "भीमा, त्या दिवशीचं मनात धरू नको. पोराच्या इरुद्ध बाप कसा बोलंल? तू समजून घ्यायला पायजे व्हतंस."

भीमानं तेलाबद्दल सांगायला तोंड उघडलं होतं. त्यानं ते मिटलं. मग म्हणाला, "व्हय आबा." आणि जाऊन ट्रॅक्टरवर बसला.

गाडी त्याला मागं टाकून पुढं गेली. निमगाव ओलांडल्यावर, आसपास घर नाही की झाड नाही अशा जागी ती त्याला बंद पडलेली दिसली. बाहेर उन्हात आबाजी दगडावर बसले होते. ड्रायव्हर गाडीखाली होता. रणजितनं लांबून ट्रॅक्टर पाहून हात वर केला. जवळ आल्यावर वर कोण बसलंय ते त्याला दिसलं. त्यानं हात खाली घेतला आणि तोंड फिरवलं. भीमानं वेग कमी केला नाही. आबाजी त्याच्याकडं बघत होते, ते त्याला दिसलं.

दोन एसट्या भरलेल्या म्हणून थांबल्या नाहीत. म्हातारा तीन तास उन्हात बसून होता, असं नंतर कळलं. त्यांना ताप चढला तो उतरला नाही. आठव्या दिवशी ते गेले.

बातमी आली त्या दिवशी भीमानं ठमाबाईला टपरीपासून सगळं सांगितलं. धार दिसली होती, सांगता आलं असतं, थांबता आलं असतं. ती शिवी देईल, निदान रडेल, असं त्याला वाटलं. वीस वर्षं तिनं आबाजींच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या होत्या.

ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "बरं केलं."

आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. भीमानं ती खाल्ली.