चौदा हात वर, एक विरोधात

गेल्या शनिवारी आमच्या भोरच्या कॉलेजात सुरक्षा परिषद भरली... म्हणजे खोटी. मी राज्यशास्त्र शिकवते. जगातल्या लढाया थांबवायचे ठराव कसे होतात ते नुसतं वाचून पोरांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून पंधरा जणांना पंधरा देश करून हॉलमध्ये बसवते.

नियम सोपे. ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागतात. पण पाच कायम सदस्यांपैकी एकानेही विरोधात हात वर केला की ठराव पडला... बाजूने कितीही असोत.

लढाई मी काल्पनिक घेतली होती. ती थांबवायचा मसुदा निलोफरने स्वतःहून मागून घेतला. तिचा मोठा भाऊ परदेशात इलेक्ट्रिशियन आहे आणि त्याच्या शहरात सध्या खरीखुरी लढाई चालू आहे. विमानतळ बंद. फोन लागला तर लागला.

पोरीने जीव ओतून मसुदा लिहिला. मग एकेका देशाजवळ जाऊन बसली, कारण खरं काम मतदानाच्या आधीच होतं... शब्दाशब्दावर घासाघीस. कायम सदस्यांपैकी एक होता विंझर गावचा सागर. त्याचा देश हल्ला करणाऱ्यांचा दोस्त, अशी चिठ्ठी त्याला मीच दिली होती.

त्याला 'निषेध' नको होता, तिने 'चिंता' केलं. 'हल्ला' नको होता, 'घटना' केलं. 'ताबडतोब' खोडून 'शक्य तितक्या लवकर' आलं. अडकलेल्या परदेशी कामगारांना बाहेर पडू द्यावं, या कलमापाशी मात्र ती अडून बसली.

"ह्ये मी न्हाई काढणार."

"ऱ्हाऊ दे मग," सागर म्हणाला. तिला वाटलं, जमलं.

कार्यक्रमाला निलोफरच्या अम्मी आल्या होत्या. मागच्या रांगेत, डोक्यावरची ओढणी सावरत. लेक भावासारख्या अडकलेल्यांसाठी काहीतरी बोलणार आहे, एवढंच त्यांना ठाऊक.

अध्यक्ष झालेल्या मुलीने विचारलं, "ठरावाच्या बाजूने?" चौदा हात वर गेले. अम्मींनी टाळ्या वाजवल्या... एकट्यांनीच. सगळे वळून बघायला लागले तेव्हा लाजून थांबल्या, पण चेहरा फुललेलाच होता.

"विरोधात?"

सागरचा हात वर गेला. ठराव नामंजूर.

मग त्याने उभं राहून आपल्या देशाचं म्हणणं वाचलं. मसुदा एकतर्फी आहे म्हणे. निलोफर परवानगी न घेताच उठली. "एकतर्फी कुठला शब्द हाय त्यात? तुला नको ते समदे काढले की मी!"

सागरने कागद उलटून पाहिला. पुढे काही लिहिलेलं नव्हतं... आणि लागतही नाही. खऱ्या परिषदेतही विरोधाचं कारण कुणाला पटावं, अशी काही अट नाही.

हॉल टाळ्यांनी दणाणला. पाहुणे म्हणाले, अगदी हुबेहूब! उत्कृष्ट प्रतिनिधीचं बक्षीस सागरला मिळालं.

कार्यक्रम संपल्यावर अम्मी माझ्याकडे आल्या.

"मॅडम, चौदा जण एका बाजूला हुते ना?"

"हो."

"आन् तरी न्हाई झालं?"

मी पुन्हा नियम सांगितला. वर्गात किती सहज सांगते मी तो... त्या दिवशी वाक्य पूर्ण होईना.

"खऱ्यात पन आसंच आस्तं?"

"खऱ्यातही असंच असतं."

आठवडाभर लेकीला कागदावर वाकलेली बघून अम्मींच्या मनात काय काय आलं असेल, देव जाणे. निलोफर दाराशी, आमच्याकडे पाठ करून उभी होती.

तेवढ्यात सागर हातात ट्रॉफी घेऊन समोर आला. अम्मींना बघून जागीच थबकला. "काकी, मला तसंच करायचं हुतं... माझ्या चिठ्ठीत तसंच हुतं..."

"व्हय रे बाळा. चांगलं बोललास तू," म्हणत अम्मींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगं ढसाढसा रडलं.

निलोफरचा भाऊ अजून तिथेच आहे. फोन लागला तर लागतो.

सागरला निदान त्या आईसमोर उभं राहावं लागलं. खऱ्या सभागृहात तो एक हात वर करणारा माणूस फाईल बंद करतो आणि जेवायला जातो. भोरची बाई त्याला कुठे भेटणार आहे...