वाकणारी बॅटरी आणि झऱ्याचं पाणी

सुलभा गेल्याचं सांगायला तिचा भाऊ त्यांच्या कापडे गावाहून स्वतः महाडला आला. दिलेला पाण्याचा पेला त्यानं नुसता हातात धरून ठेवला. "ताप डोक्यात गेला," एवढंच म्हणाला... या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

पोलादपूरच्या शाळेपासूनची माझी ही मैत्रीण. मी महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत राहिले, ती संशोधनाला पुण्याला गेली. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. तिच्या डोक्यात एकच खूळ होतं, कापडासारखी वाकणारी, पाण्यावर चालणारी लिथियम बॅटरी. "पेट घेणारं द्रावण नको गो, साधं पाणी नि लिथियमचं मीठ!" बॅटरी म्हणजे कापडाची एक पट्टी, तिच्या एका बाजूला मँगनीजचा काळा लेप असे. जाड कणांचा लेप कापड वाकवलं की तडके. म्हणून तिनं कण इतके बारीक केले, की कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसेनात. ते धाग्याला धरून राहत आणि लिथियमलाही आत-बाहेर करायला वाट जवळची होई. मी चिडवायचे, "बाई, तू बॅटरी करतेस की काजळ?"

शेवटी मार्गदर्शकांनी निर्वाणीचं सांगितलं, गणपतीनंतर वाकवलेली पट्टी चालवून दाखव, नाहीतर विषय बदल. सणाला आली तशी ती पट्ट्या घेऊन आमच्या प्रयोगशाळेत शिरली. नेमकं डिस्टिल्ड वॉटर संपलेलं. ही बिनधास्त म्हणाली, "आमच्या झऱ्याचं हाय ना! त्याच्यापेक्षा शुद्ध काय?" त्यांच्या घरी पाहुण्याला आधी ते पाणी मिळतं, मग चहा. मलाही शंका आली नाही. त्यात पट्टी भिजवली, तर दुसऱ्या दिवशी मीटरचा काटा पार खाली. मला रडूच कोसळायचं बाकी होतं, आणि ही पट्टी उलटीपालटी करत बसलेली. "का बरं? क्षार असणार त्यात... आईला सांगू नको हां, झऱ्याला नावं ठेवलेली तिला नाय खपायची!" मग दिवसभर खपून आम्ही पाणी ऊर्ध्वपातित केलं, नव्या पट्ट्या भिजवल्या. तिनं एक बांगड्यांवरून मनगटाला गुंडाळली. काटा स्थिर राहिला आणि विषय वाचला.

परवा भावानं तिच्या कपाटातली एक पट्टी आणून दिली. कधीचीच सुकलेली. मी शुद्ध पाण्यात लिथियमचं मीठ घालून ती भिजवली, चार्ज केली, मीटर जोडला. काटा शून्यावरच. असं का, हे तिला विचारायला माझा हात फोनकडे गेला.