यादीतली छत्तिसावी मागणी

गंधाली माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि दिवसभर भांडते. आमचं ऑफिस पंडरीत, कापडाच्या गोदामावर. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत काय घ्यायचं नि काय वगळायचं, हे ती ठरवते. म्हणजे लोकांना नाही म्हणायचं, हेच तिचं काम. तिच्या जागी मी असतो तर दोन दिवसांत पळून गेलो असतो.

या वेळी गिऱ्हाईक होते भनपुरीचे ट्रान्सपोर्टवाले नरहरशेठ. आवृत्ती सोमवारी द्यायची, वेळ तीनच मागण्यांपुरता आणि यादीत मागण्या छत्तीस. कोणती किती गरजेची ते लिहून पाठवा, असं गंधालीने कळवलं, तर पस्तीस मागण्यांपुढे 'अर्जंट' लिहून आलं. त्यातल्या बऱ्याच शेठच्या होत्या, त्यांना कमी लेखायची तिथे कुणाची छाती? फक्त शेवटच्या मागणीपुढे होतं, 'जमलं तर'. नंबराऐवजी ड्रायव्हरच्या नावाने गाडी शोधता यावी, अशी ती मागणी. केली होती फाटकावर गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या शेवंताबाईंनी.

"स्वतःच्याच मागणीपुढे कोण असं लिहितं?" गंधाली म्हणाली आणि मला स्कूटीवर बसवून भनपुरीला घेऊन गेली.

फाटकाजवळच्या खोलीत भिंतीवर एक कागद चिकटवला होता. बंडू, गौतम, नाना अशी ड्रायव्हरांची नावं आणि पुढे गाड्यांचे नंबर.

"इथं नंबरानं कोनी बोलतच नाही, दीदी," शेवंताबाई म्हणाल्या. "पोट्टे गाड्या बदलून राहिले, कागद तसाच राहते. मागच्या महिन्यात बंडूच्या गाडीत औषधं होती, मी जुना नंबर पाहून दुसरीच गाडी सोडली. आता अजून एक चूक झाली तं घरी बस म्हणतात शेठ."

"मग 'जमलं तर' काहून लिहिलं?" गंधालीने विचारलं.

"शेठच्या बरोबरीनं आपलं कसं लिहाव?"

मला गलबलून आलं. गंधालीला राग आला, आणि तिला राग आला की काम होतं.

आम्ही शेठच्या खोलीत गेलो. शेठना हवा होता भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत गाड्यांचा हलता नकाशा, आल्यागेल्याला दाखवायला.

"तीनपैकी दोन मागण्या ठरल्या, जागा एकच उरली. नकाशा पुढच्या वेळी. आता नावाने शोध," गंधालीने सांगून टाकलं.

"मालक कोन आहे? मले नकाशा आधी पाहिजे!"

"हव, शेठजी, मालक तुम्हीच. पण या वेळी मिळणार नाही." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

तेवढ्यात एका व्यापाऱ्याचा फोन आला. शेठ खिडकीतून ओरडले, "शेवंता, बंडूची गाडी कुठं पोचली?"

गंधालीने कॉम्प्युटर त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच पाहा, शेठजी. नंबर टाका."

शेठनी एक बोट कीबोर्डवर नेलं, पण गाडीचा नंबर त्यांनाही पाठ नव्हता. फोनवरचा माणूस हॅलो हॅलो करत होता.

"ते नावाचं आधी घ्या," शेवटी ते पुटपुटले.

सोमवारी शेवंताबाईंनी एका बोटाने 'बंडू' टाइप केलं. गाडीचा नंबर आला, ठिकाण आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग उठून भिंतीवरचा कागद ओढला, फाडला आणि टोपलीत टाकला. कुणालाही विचारलं नाही.