गालातला गूळ

"थुंक."

माझ्या आईला डॉक्टर पहिला शब्द हा बोलले. तिच्या वयाच्या बाईला माणूस आधी बस म्हणतो. हे म्हणाले, थुंक.

लातूरचा मोठा दवाखाना. छातीच्या डॉक्टरांची खोली. आई आत शिरली ती "जय भीम, डॉक्टरसाहेब" म्हणतच. ते ऐकून साहेबांची मान अशी ताठली की वरून रोडरोलर फिरवला असता तर रोडरोलरच मोडला असता. जय भीमला उत्तर आलं नाही. त्यांची नजर आईच्या गालावर गेली. डावा गाल फुगलेला होता.

"तंबाखू थुंक आधी. मग बोल."

आई म्हणाली, "गूळ हाय सायब त्यो. मिलमधला."

"थुंक म्हटलं ना."

स्टीलचा ट्रे पुढं आला. हातानं नाही, पेनाच्या टोकानं ढकलत. आई थुंकली. अर्धा विरघळलेला पिवळा खडा ट्रेमध्ये वाजला. आंधळ्यालाही वासावरून कळलं असतं गूळ आहे म्हणून. साहेबांनी तो बघितला. शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, त्यांनीही बघितला. मग साहेब त्यांच्याकडं वळून हसले.

"गूळ काय अन् तंबाखू काय. या लोकांचं तोंड रिकामं असतं का कधी?"

शिकाऊ हसले. शिकत होते ना.

आणि साहेबांनी केसपेपरवर लिहिलं : जुना खोकला. तंबाखूचं व्यसन.

माझ्या आईनं जन्मात तंबाखूला बोट लावलेलं नाही. माझा बाप तंबाखू मळायचा तर ती त्याला अंगणात बसवायची. मी तोंड उघडलं, तर तिनं माझं मनगट धरलं. दळणाच्या दगडासारखी पकड. "गप माय. औषध तर लिवू दे त्यांना."

औषध लिहिलं. एक बाटली. गोड.

आता गुळाचं सांगते. आम्ही शिरूर अनंतपाळकडचे. गाव सोडून लातूरला आलो तेव्हापासून आई डाळमिलमध्ये आहे. तूर भरडली जाते तिथं ती उभी राहते. धूळ किती? संध्याकाळी आई घरी येऊन पदर झटकायची तेव्हा शेजारची म्हैस दावं तोडून आमच्या दारात यायची, पदरातली चुणी, डाळीचा भुसा, खायला. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा. आणि खोकला असा की आई लातुरात खोकली तर मुदखेड जंक्शनात उभी असलेली गाडी दचकून पुढं सरकावी.

म्हणून पाळी सुटली की मिलच्या फाटकात गूळ वाटतात. बायकांनी तो गालात धरायचा, हळूहळू गिळायचा. घशातली धूळ खाली उतरते म्हणे. पिढ्यान् पिढ्यांची रीत. मुकादम वाटतो. पाटलांकडच्या बायकांच्या हातावर ठेवतो. आमच्या बायकांच्या पदरात वरून टाकतो. मी लहानपणी आईला न्यायला जायचे. एकदा खडा पदराबाहेर पडला, मातीत. मी उचलायला वाकले तर मुकादम म्हणाला, "उचल की. तुम्हाला मातीचं काय?" आईनं तो खडा पायानं गटारात ढकलला आणि त्या दिवशी कोरड्या घशानं घरी आली. वाटभर खोकली फक्त.

त्या खोकल्यावर मी शिकले. बी.एस्सी. केली. नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला खोली घेऊन कोडिंगचा कोर्स केला. कोडिंग म्हणजे काय, तर डॉक्टर आजार लिहितात आणि आम्ही त्याला आकडा लावतो. नुसत्या खोकल्याला आर-झिरो-फाइव्ह. तंबाखूच्या सवयीला झेड-सेव्हंटी-टू. डाळ, कापूस, धान्य यांच्या धुळीनं छाती गेली तर जे-सिक्स्टी-सिक्स. विमावाले, योजनावाले, सरकार, सगळे हा आकडा वाचतात. माणूस कुणी वाचत नाही. आर म्हटलं की बाटली घे आणि घरी जा. झेड म्हटलं की चूक तुझीच. जे म्हटलं की प्रश्न उठतो : धूळ कुणाची?

धूळ मिलमालकाची. मिलमालक दवाखान्याचे विश्वस्त. आलं ध्यानात?

मी त्याच दवाखान्यात कोडर म्हणून लागले होते. आमची कोडिंगची खोली तळघरात, जनरेटरच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी आईची फाइल माझ्याच टेबलावर आली. जुना खोकला, तंबाखूचं व्यसन. दोन आकडे टाकायचे, बटण दाबायचं. आमच्या धंद्याचा नियम कडक. डॉक्टरनं लिहिलं नाही ते कोडरनं टाकायचं नाही. मी जे-सिक्स्टी-सिक्स टाकू शकत नव्हते. पण दुसराही एक नियम आहे. लिहिलेल्यात शंका असेल तर डॉक्टरला लेखी विचारायचं. उत्तर येईपर्यंत फाइल पुढं जात नाही. बिल निघत नाही.

मी विचारलं : "रुग्णाच्या तोंडात गूळ होता. आपण स्वतः पाहिला. तंबाखूचा आधार काय? रुग्ण डाळमिलमध्ये कामाला आहे. धुळीची नोंद का नाही? मिलला धूळ ठाऊक नसेल तर मिल गूळ का वाटते?"

मग बिल बाकी असलेल्या मागच्या फायली उघडल्या. शांताकाकू, आईच्या शेजारी उभी राहणारी. जुना खोकला, तंबाखू. तिच्या पलीकडची. जुना खोकला, तंबाखू. मिलमधल्या साऱ्या बायका साहेबांच्या लेखी तंबाखूच्या मळ्यात जन्मल्या होत्या. एकीलाही धूळ लागली नव्हती. ज्या बाया गालात गूळ धरून आल्या त्या सगळ्या व्यसनी ठरल्या. मी प्रत्येक फाइलवर तोच प्रश्न टाकला. बिलं अशी तुंबली की गोदावरीवरच्या धरणाला लाज वाटावी.

साहेब तळघरात उतरले. दवाखाना बांधल्यापासून पहिल्यांदा. जनरेटरसुद्धा दबकून बंद पडला म्हणतात.

"तू मला प्रश्न विचारतेस? कोणत्या कॉलेजातून डॉक्टर झालीस?"

"डॉक्टर नाही झाले साहेब. म्हणून तर विचारते."

"सवलतीवर आलात, खुर्ची मिळाली, आता डोक्यावर बसताय."

मी आईची फाइल त्यांच्यासमोर सरकवली. ते हळू झाले. खुर्ची ओढून बसले. गोड माणूस कडूपेक्षा वाईट.

"हे बघ. तुझ्या आईचं मी पुन्हा बघतो. नळीत फुंकायची छातीची तपासणी करू. धुळीचंच लिहितो, तुला पाहिजे तसं. बाकीच्या फायलींवरचे प्रश्न तेवढे काढ."

खोटं बोलत नाही, माझा हात कीबोर्डकडं गेला. आईच्या छातीला नाव मिळणार होतं. योजना मिळाली असती, भरपाई मिळाली असती. माझ्या समोर आईचा श्वास ठेवला होता. गुळाच्या खड्यासारखा. वरून टाकलेला.

मी विचारलं, "शांताकाकूचं काय लिहिणार?"

"ती तुझी कोण लागते?"

"माझ्या आईच्या शेजारी उभी राहते."

"मग?"

"मग प्रश्न राहतील साहेब."

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "तुमच्या लोकांना दिलेलं पचत नाही." दुपारी माझा संगणक उघडेना. ओळखपत्र फाटकावर ठेवून घेतलं. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. तपासणीचं आमिषही सांगितलं. ती बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "शांताला सोडून मला नीट व्हायचं न्हाई." एवढंच. भाकरी थापायला बसली.

आता मी पाळी सुटायच्या वेळेला मिलच्या फाटकात उभी असते. मुकादम मला बघून पलीकडं थुंकतो. तंबाखू. त्याला कुणी विचारत नाही. बायका बाहेर येतात आणि मी एकेकीला सांगते : गूळ गालात घालू नको, काकू. मुठीत धर. दवाखान्यात गेलीस की आधी तो डॉक्टरच्या टेबलावर ठेव. म्हण, हा मिलनं दिलाय. का दिलाय ते लिहा.

काही ऐकतात. काही मालकाच्या भीतीनं मान खाली घालून निघून जातात. त्यांनाही मी उद्या परत सांगणार आहे.

सोमवारी आईला त्याच खोलीत घेऊन जाणार आहे. शांताकाकूही येते म्हणाली. आई दारातून जय भीम म्हणेल, उत्तर येवो न येवो. पदराच्या गाठीतला खडा टेबलावर ठेवेल. आणि डॉक्टर कागदावर धूळ हा शब्द लिहीपर्यंत आम्ही तिघी त्या खुर्च्यांवरून उठणार नाही.