शेकोटीजवळची चौथी बैठक

मंगळवारी दुपारी माझा मित्र कपाशीवर फवारणी करत होता. चार वाजता तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पडला. संध्याकाळी त्याला अकोल्याच्या दवाखान्यात आणलं. बुधवारी सकाळी तो गेला.

फोन आला तेव्हा मी अमरावतीत, कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत होतो. त्याच्या चुलतभावानं तीन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी पुढच्या पुस्तकावर क्रमांक घातला. मग त्याच्या पुढच्यावर. चौथ्या पुस्तकावर पोचलो तेव्हा लक्षात आलं की चारही पुस्तकांवर मी एकच क्रमांक लिहिला आहे.

माझ्या मनात आलेला पहिला विचार मला इथे लिहायलाच हवा. मला वाटलं, यानं औषध घेतलं.

त्या वर्षांत आमच्याकडे शेतकरी आणि औषध हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढचं कुणी विचारत नसे. लोक मान हलवत आणि गप्प होत. मीही तसाच गप्प झालो. ज्याच्या शेजारी आठ हिवाळे बसलो त्याच्याबद्दल मी तेच मानलं, जे त्याला कधी न पाहिलेल्या माणसानं मानलं असतं.

आम्ही बसायचो ते धरणाच्या पलीकडच्या काठावर. आमचं गाव तेल्हाऱ्याच्या बाजूला, सातपुड्याचा पायथा दिसेल इतकं जवळ. कापसाची दुसरी वेचणी झाली की मित्र निरोप पाठवायचा. मी अमरावतीहून यायचो, आकोटहून आमचा गादीवाला दोस्त यायचा. त्याला आम्ही भाई म्हणायचो. धरणावरचे एक म्हातारे भोई आम्हाला त्यांच्या लाकडी डोंग्यातून पलीकडे नेत. वल्ही मारायला तास-सव्वा तास लागे. तिकडे रस्ता नव्हता, वस्ती नव्हती. पाण्यानंतर थोडी रेताड जागा आणि मागे लगेच साग. जंगलातलं लाकूड तोडायचं नाही म्हणून मित्र घरून वाळलेल्या पऱ्हाटीच्या पेंढ्या डोंग्यात टाकून आणायचा. कपाशीची ती झाडं भरभर पेटतात आणि भरभर विझतात, त्यामुळे शेकोटीशी कुणाला तरी सतत बसून राहावं लागे. ते काम त्याचं.

पहिल्या वर्षी आम्ही दगडांवर बसलो. दगड गार, रेती ओली, आणि पाठीला काही नाही. पहाटे शेकोटीपुढे मी कधी गुडघे पोटाशी घेत होतो, कधी पाय पसरत होतो. भाई बराच वेळ ते पाहत होता.

"किताबवाले, एवढं शिकले तुमी, पण बसाचं नाई शिकले," तो म्हणाला.

मित्र म्हणाला, "त्याले खुर्ची लागते भाई. वर पंखाही लागते."

"ठहर. अगले साल ऐसी बैठक लाता हूँ का घरी जाऊ नको म्हणन."

पुढच्या हिवाळ्यात त्यानं तीन बैठका शिवून आणल्या. खाली ताडपत्री, वर गादीचं पट्ट्यापट्ट्याचं जाड कापड, मध्ये जुनी रुई पुन्हा पिंजून भरलेली. पाठीच्या भागात बांबूच्या दोन चिपा. दोन्ही बाजूंनी पट्टे, ते ओढून बांधले की जमिनीवर बसूनही पाठ टेकता येई. पट्टे मित्राच्या जुन्या फवारणी पंपाचे होते. मिटल्यावर बैठक मोठ्या वहीएवढी व्हायची आणि डोंग्यात आडव्या फळीखाली मावायची. भोईबाबांसाठीही शिवतो म्हटलं तर ते म्हणाले, "मले नोका देऊ. म्या अशा बैठकीत बसलो तं डोंगा कोण वापस नेईन?" ते डोंग्याच्या काठावरच बसत.

त्या बैठकांनी आमचं बोलणं बदललं. पाठ टेकलेली असली की माणूस घाई करत नाही. मी वाचलेलं सांगायचो, भाई गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, आणि मित्र हसायचा. हसताना तो मागे रेलायचा, इतका की पट्टे करकरायचे. एका पहाटे ठिणगी उडून भाईच्याच बैठकीत शिरली. वरून काही दिसेना, नुसता वास. मित्रानं सबंध केटलीभर चहा तिच्यावर ओतला. भाई ओल्या पँटीनं उभा राहून ओरडला, "अरे, आग बुझाली का मले धुतलं?" परत येताना डोंग्यातही आम्ही हसत होतो.

मी अमरावतीहून गावी पोचलो तेव्हा मित्राला नेलेलं होतं. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष एका बाजूला बसले होते. माझ्या शेजारचा माणूस खालच्या आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "फवारता फवारता कोनी मरते का? पेलंच असन." दुसरा म्हणाला, "मंग? काई सांगत नोहता कोनाले." दवाखान्याच्या कागदावर विषबाधा लिहिलं होतं. ते खरं होतं. ती कशी झाली हे त्या कागदावर नव्हतं, आणि ते सांगू शकणारा एकच माणूस गेला होता.

मला त्याच्या बायकोनं आत बोलावलं. वहिनी भिंतीला टेकल्या नव्हत्या, खोलीच्या मधोमध ताठ बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमालेही तसंच वाटते?"

मी खाली पाहिलं.

"खरं सांगा. तुमच्यासंगं बसत होते ते. मले नाई सांगत पण तुमाले सांगत असन."

आठ हिवाळ्यांत त्यानं मला काय सांगितलं होतं, ते मी आठवू लागलो. नदीचं, बैलाचं, शाळेतल्या गुरुजींचं. स्वतःचं काहीच नाही. मला धक्का बसला तो त्याचाही होता. मी म्हणालो, "मला माहीत नाही, वहिनी."

त्या म्हणाल्या, "मले माईत पायजे. लोकाईचं जाऊ द्या. मले पायजे." मला वाटलं, दुःखात माणूस असं बोलतो. त्यांना नेमकं काय हवं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीची गाडी पकडायला मी आकोटला आलो आणि भाईच्या दुकानात गेलो. तो मातीला येऊन सरळ परतला होता, कुणाशी बोलला नव्हता. दुकानात गाद्यांचा ढीग होता. दिवाळीच्या आधी लोक गाद्या पिंजायला टाकतात. तो मशीन बंद करून बसला होता. मला पाहिल्यावर उठला, माळ्यावर चढला आणि एक बैठक खाली टाकली. तिची एक बाजू शिवायची राहिली होती, रुई बाहेर दिसत होती.

"ये किसकी है?" मी विचारलं.

"त्याचंच काम. इतवारले आला होता."

मी म्हणालो, त्याची तर आहे एक.

"त्याची नाई. भाभीची." भाईनं बैठक मांडीवर घेतली. "म्हणे औंदा घरच्याईले घेऊन येतो. पाठ उंच कर म्हणे, रुंदी कमी. वेचून वेचून पाठ वाकली तिची. म्या म्हटलं, बाईमानूस डोंग्यात बसन का? तं म्हणे, मले पोहनं तिनंच शिकोलं, तू तुह्यं काम पाह्य. हिवाळ्याले टाइम हाय म्हटलं. म्हणे आताच शिव, दिवाळीत तुले कोनासाठी टाइम नसते." भाई हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "एक घंटा कपडा पाह्यला त्यानं. पट्ट्याचा नाई म्हणे, फुलाचा दे. किताबवाले, मरनारा मानूस असा फुलाचा कपडा पाहत बसते का?"

मी पुस्तकांतला माणूस. मला ठाऊक आहे की माणसं रविवारी एक ठरवतात आणि मंगळवारी दुसरंच करतात. मी भाईला तसं म्हणालो नाही. पण ते मनात होतं, आणि बैठक त्यांच्याकडे न्यावी की नाही, यावर मी बराच वेळ विचार केला. पुरावा म्हणून नेण्यासारखी ती नव्हती. शेवटी भाईनंच सुई ओवली. मी कापड ताणून धरलं, त्यानं उरलेली बाजू हातानं शिवली. अमरावतीची गाडी गेली. आम्ही दोघं तेल्हाऱ्याच्या गाडीत बसलो, बैठक भाईच्या मांडीवर.

वहिनींसमोर ती ठेवली. भाईनं सांगायला सुरुवात केली, पण अर्ध्यावरच तो बैठकीचे पट्टे सरळ करू लागला, म्हणून मीच सगळं सांगितलं. उंच पाठ, कमी रुंदी, फुलांचं कापड.

वहिनींनी कापडाकडे पाहिलंच नाही. "कोन्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

"सकाळी का दुपारी?"

भाई म्हणाला, "दुपारी. जेवला नोहता. म्या भजे आनले तं दोनच खाल्ले."

"इतवारीच ना? पक्कं?"

"पक्कं भाभी. दुसऱ्या दिवशी सोमवारी दुकान बंद राह्यते आमचं."

त्या एकदम खाली बसल्या. म्हणाल्या, "इतवारी सकाळी आमचं भांडन झालं होतं. म्या म्हटलं, तुमी दर वर्साले तिकडं बसाले जाता. म्या लगन झाल्यापासून बसलीच नाई. असं म्हटलं म्या. ताटावरून उठून गेले ते. दोन दिवस मले वाटून राह्यलं, माह्या बोलन्यानं पेले ते."

खोलीत आम्ही तिघंच होतो. बाहेर कुणीतरी चुलीपाशी भांडी सरकवत होतं. मला त्या क्षणी कळलं की त्यांनी मला पहिल्या दिवशी काय विचारलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं होतं. भांडणानंतर तो उपाशी, थेट आकोटला गेला होता, त्यांच्या बोलण्यावर त्याला जे सुचलं ते करायला.

मी म्हणालो, "वहिनी, मला तसं वाटलं होतं. आधी, फोन आला तेव्हाच. आता नाही वाटत."

"आता कावून नाई वाटत?"

"तो तुमच्यावर रागावून गेला नव्हता."

त्यांनी मान हलवली. बैठक ओढून घेतली, पट्टे चाचपले. भाईनं ते कसे बांधायचे ते दाखवलं. त्या तिच्यावर बसल्या नाहीत. आमच्यासमोर पाठ टेकून बसणं शक्यच नव्हतं.

त्याला बरीच वर्षं झाली. भोईबाबा गेले, आम्ही धरणावर पुन्हा गेलो नाही. मंगळवारी दुपारी धुऱ्यावर काय झालं, हे कुणालाच कळलेलं नाही, आणि कळणार नाही. गावात काही जण अजून तेच म्हणतात. वहिनी त्यांच्याशी वाद घालत नाहीत. दुपारी भांडी झाली की त्या परसात बैठक अंथरतात, पाठ टेकून अर्धा तास बसतात, आणि मग उठून कामाला लागतात.